याच्या उत्तराला सवड दे

महादेवा, प्रतापगडच्या पहाडावरच्या देवा, आज मी नवस बोलायला आले नाही. पोरगं बोलतं होऊ दे, यात्रेला पायी येईन, असं माझ्या सासूबाईंनी तुला कबूल करून ठेवलंय. ते त्यांचं आणि तुझं. माझं मागणं निराळं आहे.

हा जन्मला तेव्हा रडला नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडला, असं डॉक्टरांनी नंतर समजावलं आणि कागदावर सेरेब्रल पाल्सी लिहिलं. हातपाय मेंदूच्या हुकमात राहत नाहीत, तसेच जीभ, ओठ, गळाही राहत नाहीत; म्हणून शब्द फुटत नाही. गावाला हे कारण पटत नाही. कुणी म्हणतं, ग्रहणात भाजी चिरली असेल. कुणी मागचा जन्म काढतं. देवा, तू असा हिशेब ठेवणारा नाहीस, हे मी धरून आहे. माझं लेकरू कुणाच्या पापाची फेड नाही. हे तोंडावर सांगायचं बळ मला रोज लागतं. ते दे.

याला सगळं कळतं, हे तुला वेगळं सांगायला नको. आजोबांच्या सायकलची घंटी गल्लीच्या तोंडाशी वाजली की याचं सारं अंग हसतं. चुलीवर गंज चढला की आधी मान तिकडे जाते. नागपूरच्या थेरपीच्या बाईंनी मला दोन चित्रं समोर धरायला शिकवलं. त्यांच्या छापील तक्त्यावर पलंग होता, काचेचा पेला होता; आमच्या घरात दोन्ही नाही. मग आमच्याच खाटेचे, गंजाचे, बोडीचे, शेळीचे फोटो काढले आणि अर्जुनीच्या झेरॉक्सच्या दुकानातून लॅमिनेट करून आणले. आता मी एका हातात पेजेचं चित्र धरते, दुसऱ्यात वरणाचं, आणि विचारते, "काय पायजे रे बाबू?" विचारलं की आधी याचा हात भलतीकडे उडतो, मान उलटी वळते. नवखं माणूस म्हणतं, नको म्हणतोय. तसं नसतं. ती पहिली हालचाल अंगाची असते, याची नसते. अंग शांत व्हावं लागतं. मग नजर हळूहळू फिरते, एका चित्रावर येऊन टेकते आणि तिथेच राहते. हो म्हणायचं असलं की डोळे वर जातात. चुलीवरचं दूध उतू जाईल, एवढा वेळ लागतो. पण उत्तर पक्कं असतं. वरण सांगितलं आणि पेज भरवली, तर तोंड मिटून घेतो.

म्हणून देवा, मला वाचा नको, सवड दे. रोवणीच्या दिवसांत मी पहाटेच पऱ्हे खणायला जाते, दिवसभर बांधीत वाकलेली असते. संध्याकाळी कंबर धरते तेव्हा माझ्याच्याने थांबवत नाही. मान सरळ धरून, ठसका लागू न देता एकेक घास उतरवायचा, तोच एक मोठा उद्योग असतो. अशा वेळी विचारायचं राहून जातं आणि मीच ठरवून टाकते. त्या दिवसांत माझ्या हाताला घाई देऊ नकोस.

याच्या ताईकडेही बघ. तिला याची नजर माझ्याआधी कळते. पाहुणे आले की सारे तिलाच विचारतात, हा काय म्हणतोय? ती सांगतेही. पण तीही लेकरूच आहे. तिला लगोरी खेळू दे, मैत्रिणीकडे जाऊ दे. भावाची जीभ व्हायचं ओझं तिच्यावर आयुष्यभर टाकू नकोस.

मुंबईच्या मालिनी चिब यांनाही हाच आजार. त्यांनी एका बोटाने टाइप करून आपली जीवनकथा लिहिली, हे थेरपीच्या बाईंनी सांगितलं तेव्हा मला किती तरी रात्री नीट झोप लागली. त्यांच्या आईने अशा मुलांसाठी शाळाच काढली. माझ्याच्याने शाळा निघायची नाही, माझ्याकडे बांधी आहे आणि मजुरी आहे. पण आयआयटी मुंबईच्या माणसांनी केलेलं जेलो नावाचं फुकटचं ॲप आमच्या मोबाईलवर आहे, चित्राला बोट लावलं की ते मराठीत बोलतं. याचं बोट अजून नेमकं पडत नाही. त्या बोटाला नेम दे, देवा. आणि नागपूर आमच्यापासून लांब आहे. एका भेटीपायी दोघांची मजुरी बुडते. बोलणं शिकवणारं माणूस तालुक्याच्या दवाखान्यात बसेल, अशी बुद्धी वरच्यांना दे.

एक भीती तुझ्याशिवाय कुणाला सांगत नाही. मी नसताना याचे वर गेलेले डोळे कोण वाचेल? एकाच माणसाच्या भरवशावर हे सोडायचं नाही, असं मी ठरवलंय. शेजारच्यांना, अंगणवाडीच्या ताईंना, याच्या मामाला, सगळ्यांना ती चित्रं धरायला शिकवते आहे. शिकायची इच्छा त्यांच्यात तू घाल.

जूनअखेरीस आमच्याकडच्या शाळा उघडतील. याला सहा वर्षं पूर्ण झाली, पहिलीत नाव घालायचं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने, चाळीस टक्के वा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या लेकराला जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क दिला आहे. प्रमाणपत्राचा कागद मी पिशवीत जपून ठेवलाय. महादेवा, त्या वर्गात याला पाठीला टेकू असलेली खुर्ची मिळू दे. पोरांनी याची लाळ बघून तोंड फिरवू नये. आणि बाई हजेरी घेतील तेव्हा याचं नाव पुकारून पुढच्या नावाकडे वळू नयेत. याचे डोळे वर जाईपर्यंत त्यांना थांबू दे.