लाईट गेल्यावरचा ग्राइंडर

दसरा जवळ आला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानांना श्वास घ्यायला फुरसत नसते. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत ट्रॉलीचे फाळके सांधायचे, हूक बदलायचे, सडलेला पत्रा कापून काढायचा. हे सगळं चार इंची ग्राइंडरवर चालतं.

अशाच घाईत एका दुकानात पाहिलेलं सांगतो. पोरगं अँगल कापत होतं आणि लाईट गेली. त्यानं ग्राइंडर तसाच फरशीवर ठेवला आणि चहाला गेलं. या मशीनचं बटण पुढं सरकवलं की अडकून बसतं. लाईट गेली तरी ते मागं येत नाही. लाईट आली तेव्हा जवळ कुणी नव्हतं. मशीन आपोआप घुमू लागलं, फरशीवर आपटत, ठिणग्या उडवत, स्वतःचीच वायर ओढत गॅस सिलिंडरकडं सरकू लागलं. मिस्त्रींनी धावत जाऊन प्लग उपसला.

तेव्हापासून मला वाटतं, आपण ग्राइंडरला भितो ते नेमकं चुकीच्या वेळी. चालू मशीनपुढं माणूस सावध असतो. थांबलेल्या मशीनपुढं तो निर्धास्त होतो. आमच्याकडं लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही, म्हणून थांबलेलं मशीन बंद आहे असं धरताच येत नाही. लाईट गेली की आधी बटण मागं, मग प्लग बाहेर. डिस्क बदलताना तर प्लग काढल्याशिवाय पान्ह्याला हात लावायचाच नाही.

मिनिटाला ११,००० फेरे घेणाऱ्या १०० मिलिमीटरच्या डिस्कची कड ताशी २०० किलोमीटरच्या वेगानं पळते. ती फुटली तर तुकडे अडवायला गार्डच असतो. कोपऱ्यात हात जात नाही म्हणून तो काढून फेकणं आणि त्याच मशीनला लाकूड कापायचं दातेरी पातं लावणं, या दोन गोष्टींबाबत माझं कुणाशीही जमणार नाही. त्या पात्याचे दाते अडकले की मशीन हातातून उसळतं. डोळ्यांवर चष्मा हवाच. डोळ्यात रुतलेला लोखंडाचा कण तिथंच गंजतो. आणि गळ्यातला गमछा काढून खुंटीला अडकवायचा.

ठेवण्याकडं तर कुणाचं लक्षच नसतं. कापायची डिस्क राळेनं बांधलेली असते. ओल लागली की ती आतून कमजोर होते, वरून कळत नाही. पावसाळ्यात गळक्या शेडमध्ये खिळ्याला टांगलेली डिस्क मी वापरू देत नाही. डिस्क कोरड्या डब्यात सपाट ठेवायच्या. मधल्या लोखंडी कड्यावर महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते वाचायचं. मुदत उलटली की डिस्क मोडून टाकायची, म्हणजे दुसरा कुणी उचलणार नाही. मशीन ठेवताना डिस्क उतरवायची, वायर कुठं सोलली आहे का ते बोटांनी चाचपायचं.

लाईट परत आली तरी बटण पुन्हा दाबल्याशिवाय सुरू न होणारी मशीनं आता मिळतात. साध्यापेक्षा महाग पडतात, म्हणून दुकानदार ती आपणहून दाखवत नाही. आपण मागून घ्यायची.