तक्ता, डाळ आणि तरोट्याची भाजी



आज एक प्रश्न मांडते. ज्याच्या घरी भाजीच नाही, त्याला सात्त्विक आहार शिकवण्याचा आपल्याला काय अधिकार?

उन्हाळ्यात रविवारच्या युवा वर्गात मी आहारावर बोलले. रंगीत तक्ता नेला होता. दूध, फळं, पालेभाजी, बदाम. कॉलेजात होमसायन्स शिकलेली, म्हणून जरा ऐटीतच. दहावीतली एक मुलगी सहज म्हणाली, "काकी, आमच्याकडे कंट्रोलचा तांदूळ असतो. वरण आठवड्यातून दोनदा. भाजी बाजाराच्या दिवशी." मी म्हटलं, "होईल बेटा हळूहळू." काय होईल आणि कसं, ते मलाही माहीत नव्हतं.

आपला बालाघाट धानाचा जिल्हा. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये जीआय टॅग मिळाला. इथे कोण उपाशी असेल, असंच वाटतं. आणि पोट खरंच रिकामं नसतं. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३ पासून तेही फुकट. पण नुसत्या भाताने अंगात रक्त कसं वाढणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्त कमी निघालं. डाळ, भाजी, तेल याला रोख पैसा लागतो. तो नसला की आई पाच रुपयांच्या पुड्यावर लेकराची समजूत काढते. आपण मात्र लगेच म्हणतो, या लोकांना काही समजत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोन किलो तूरडाळ घेऊन त्या मुलीच्या घरी गेले. आईने हात जोडून घेतली. पोरगी दाराआडून बाहेर आलीच नाही. पुढचे तीन रविवार वर्गालाही आली नाही. मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढं केलं तर निदान यायला काय होतं?

आपल्या वर्गातला कॉलेजचा एक मुलगा मला म्हणाला, "काकी, तुम्ही तिला डाळ दिली, काम नाही दिलं. आता ती आमच्यात कशी बसेल?"

गाडगेबाबा गावात आले की आधी खराट्याने गाव झाडायचे, मग भाकर घ्यायचे. ही गोष्ट मी पोरांना किती वेळा सांगितली असेल, स्वच्छतेचा धडा म्हणून. घेणाऱ्यालाही काही द्यावंसं वाटतं, त्याशिवाय घास गोड लागत नाही, हे त्यात होतं. मला ते त्या पोराने दाखवलं.

पहिला पाऊस पडला तेव्हा पोरंच तिच्या घरी गेली. तिच्या आजीला म्हणाली, आम्हाला रानभाजी ओळखायला शिकवा. आजीने सगळ्यांना बांधावर नेलं. तरोट्याची (कोणी चरोटा म्हणतात) कोवळी पानं कोणती, जून कोणती, मुनग्याचा पाला किती शिजवायचा, अंबाडीत कण्या कशा घालायच्या. मुनग्याच्या पाल्यात लोह आणि कॅल्शियम असतं, वर लिंबू पिळलं तर लोह अंगी चांगलं लागतं, एवढी माझ्या पुस्तकातली भर मी घातली. बाकी सगळं आजीचं.

आता रविवारी वर्गानंतर एकच खिचडी शिजते. प्रत्येक जण घरून मूठभर काहीतरी आणतो, आणि तांदूळ कंट्रोलचा की चिन्नोर, हे पातेल्यात पडल्यावर कोण ओळखणार? चिरणं-वाढणं पोरं आळीपाळीने करतात. ती मुलगीही येते, आणि भाजी निवडताना माझ्यावरच ओरडते.

एक गोष्ट अजून मनात अडकलेली आहे. आपल्या मध्य प्रदेशात अंगणवाडीत अंडी द्यावी की नाही यावर मोठा वाद झाला. मी अंडं खात नाही, खाणारही नाही. आपल्या पंगतीत ते येणार नाही. पण दुसऱ्याच्या अशक्त लेकराच्या ताटात काय नको, हे मी ठरवावं का? घरी यावर आमचं भांडण झालं. हे म्हणतात, नियम तो नियम. माझं मन तयार होत नाही. ज्येष्ठ मंडळींनी आपलं मत ग्रुपवर जरूर लिहावं, माझी समजूत काढली तरी चालेल.

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता मुनग्याच्या फांद्या लावायच्या आहेत. ज्यांच्या वाडीत मोठं झाड आहे त्यांनी हातभर लांब, मनगटाएवढ्या जाड फांद्या आणाव्या. कुदळ दोनच आहेत, आणखी लागतील.