दुसरे इंजिन कोणासाठी?

होडीवर एक इंजिन असताना दुसरे ठेवावे की न ठेवावे, हा प्रश्न वरवर पाहता जमाखर्चाच्या वहीत सुटणारा आहे. चिंतनपर लेखात त्याला स्थान कशाला, असे वाचकांना वाटेल. तथापि थोडा खोल विचार केला, की या प्रश्नात मानवी जीवनातील एक जुना पेच दडलेला दिसतो. जी वस्तू बहुधा लागणार नाही, परंतु लागली तर तिच्यावाचून जीव जाईल, अशा वस्तूसाठी माणसाने आपल्या तुटपुंज्या कमाईतून किती खर्च करावा? आणि हा निर्णय करण्याचा अधिकार कोणाचा?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. उत्तनच्या किंवा वसईतील पाचूबंदरच्या मोठ्या बोटींच्या पोटात डिझेल इंजिन असते. त्यांची गोष्ट वेगळी. आम्ही बोलत आहोत ते खाडीच्या मुखाशी आणि किनाऱ्यालगत जाळे टाकणाऱ्या, दोन-तीन माणसांच्या लहान होडीविषयी. तिच्या मागच्या फळीवर बाहेरून आऊटबोर्ड इंजिन अडकवलेले असते. ओले इव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ च्या सुमारास अमेरिकेत अशा इंजिनांचा धंदा सुरू केला आणि पुढे जगातल्या बहुतेक किनाऱ्यांवर ती पोहोचली. वल्हे मारणाऱ्या हातांचे कष्ट त्यांनी वाचवले, यात शंका नाही. परंतु वल्ह्याला एक मर्यादा होती आणि त्या मर्यादेतच एक शहाणपण होते. माणूस आपल्या हातांच्या बळावर परत येऊ शकेल इतकाच लांब जात असे. इंजिन त्याला हातांच्या बळावर परतता येणार नाही इतके दूर घेऊन जाते. म्हणजे दुसऱ्या इंजिनाची गरज पहिल्या इंजिनानेच निर्माण केली आहे.

इंजिन बंद का पडते? पंख्यात जाळे वा दोर गुंतणे, पेट्रोलमध्ये पाणी शिरणे, प्लग किंवा कार्बोरेटर खराब होणे, थंड पाणी खेचणारी वाट गाळाने अथवा प्लास्टिकने बुजणे, ही नेहमीची कारणे. भांगाच्या दिवसांत, वारा पडलेला असताना, त्यातून फारसे बिघडत नाही. नांगर टाकून दुरुस्ती करता येते. उधाणाच्या ओहोटीत मात्र खाडीच्या तोंडाशी बंद पडलेली होडी पाण्याबरोबर बाहेर ओढली जाते, आणि आडवी झाली तर लाटेखाली सापडते. अशा वेळी आठ-दहा अश्वशक्तीचे लहान इंजिनही होडीचे तोंड लाटेकडे धरून ठेवण्यास पुरते. होडी वेगाने घरी पोहोचली नाही तरी चालेल. ती उलटू नये, एवढेच त्याचे काम.

तरीही दुसरे इंजिन नको म्हणणाऱ्या नाखव्याला आम्ही बेफिकीर म्हणणार नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. ते इंजिन तीस-चाळीस किलोंचे ओझे आहे. होडीची मागची बाजू त्याने दबते, आणि लाट आत येण्याचा संभव वाढतो. त्याच्या किमतीत नवे जाळे येईल, मुलीच्या शिक्षणाचे पैसे भरता येतील. कर्ज काढून आणलेले ते इंजिन वर्षानुवर्षे नुसते पाहत बसण्याची पाळी येते. गरिबाला उद्याच्या संकटाची तरतूद करण्यास सांगणे सोपे. त्याचे आजचे संकट मात्र सांगणाऱ्याला सोसावे लागत नाही.

याहून गंभीर आक्षेप निराळाच आहे. जे इंजिन महिनोन्महिने चालवले जात नाही, ते गरजेच्या वेळी चालत नाही. त्यातले पेट्रोल शिळे होते. आपल्या देशातील पेट्रोलमध्ये २०२२ पर्यंत दहा टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले आणि पुढे हे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेले. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते. समुद्रावर ओलीला काय तोटा! शिवाय दोन्ही इंजिने एकाच टाकीतले पेट्रोल पीत असतील, तर पहिल्याला बंद पाडणारे पाणी दुसऱ्यालाही बंद पाडेल. मग संख्या दोन असली तरी आधार एकच उरतो. आणि तो खोटा आधार माणसाला धीट करतो. ‘दुसरे आहे ना!’ असे म्हणत तो आणखी दूर जातो, ढग दिसत असताना जाळे टाकतो. न सांभाळलेले दुसरे इंजिन मुळीच नसण्यापेक्षा वाईट, असे आम्हांला वाटते ते यामुळेच. जे नाही, ते निदान माणसाला सावध तरी ठेवते.

येथवरचा विचार नाखव्याचा झाला. पण होडीत तो एकटा नसतो. वाट्यावर किंवा रोजावर आलेला खलाशी त्याच्या शेजारी बसलेला असतो. इंजिन घ्यावे की न घ्यावे, हे त्याला कोणी विचारत नाही. वाचलेल्या पैशांत त्याचा वाटा नसतो. वाढलेल्या धोक्यात मात्र पुरता असतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायच्या परिसरात पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. त्यांतील सत्तरांहून अधिक गेली. त्या तराफ्याला स्वतःचे इंजिनच नव्हते. नांगर तुटल्यावर तो वाऱ्याच्या स्वाधीन झाला. वादळाची सूचना आधी आलेली होती. तेथेच थांबावे, हे त्यावरील कामगारांनी ठरवलेले नव्हते. लहान होडीची त्याच्याशी तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु आपल्या जिवाची जोखीम घेणे हे धाडस असेल, दुसऱ्याच्या जिवाची जोखीम त्याला न विचारता घेणे हा अन्याय आहे. हे तत्त्व तराफ्याला लागू आहे तसेच तीन माणसांच्या होडीलाही आहे.

‘शेजारची बोट दोर देईल,’ असेही म्हटले जाते, आणि ते खरे आहे. बंद पडलेल्या होडीला ओढून आणणे हा किनाऱ्याचा अलिखित धर्म आहे. जगाच्या कायद्यानेही तो मानला आहे. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार संकटात सापडलेल्या माणसाला मदत करणे हे जहाजाच्या कप्तानाचे कर्तव्य ठरते, आणि १९८९ च्या करारानुसार मालमत्ता वाचवल्याबद्दल मोबदला मागता येतो, पण ज्याचा जीव वाचवला त्याच्याकडून काही घेता येत नाही. केवढा सुंदर भेद! तथापि या धर्माचा आधार घेणाऱ्याने एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. सगळेच शेजाऱ्याच्या दोरावर विसंबले, तर वादळाच्या दिवशी दोर देणार कोण?

शुभवर्तमानातील दहा कुमारिकांचा दाखला येथे आठवल्यावाचून राहत नाही. शहाण्या कुमारिकांनी जादा तेल बरोबर घेतले होते, परंतु मागणाऱ्यांना त्या ते देऊ शकल्या नाहीत. कारण स्वतःची जागरूकता उसनी देता येत नाही. समुद्रावरचे तेल मात्र वाटून घेता येते. ज्याच्यापाशी जादा बळ आहे, तोच दुसऱ्याला ओढून आणू शकतो. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात केरळमधील मच्छीमारांनी आपल्या इंजिनांच्या होड्या ट्रकवर चढवून गावोगाव नेल्या आणि पाण्याने वेढलेल्या हजारो अनोळखी माणसांना बाहेर काढले. पोट भरण्यासाठी घेतलेले साधन त्या दिवसांत परक्यांच्या कामी आले.

म्हणून आमचे मत असे. एकट्याला न झेपणारे दुसरे इंजिन चार होड्यांनी मिळून घ्यावे. मच्छीमार सहकारी संस्थांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या किनाऱ्याला ही कल्पना परकी नाही. ज्या दिवशी जी होडी दूर जाईल, तिच्यावर ते असावे. त्याची टाकी वेगळी असावी आणि दर आठवड्याला ते पाण्यात चालवून पाहावे. हे जमणार नसेल, तर त्या इंजिनाच्या नावाने खोटे समाधान बाळगू नये. वल्ही, भक्कम नांगर आणि पुरेसा दोर जवळ ठेवावा, तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक खलाशालाही पाठ असावा, आणि त्यांच्या बळावर परतता येईल इतकेच दूर जावे. कमी मासळी आणणे हा पराभव नव्हे.

दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. मात्र कोणताही स्वीकारण्यापूर्वी नाखव्याने खलाशाला किनाऱ्यावरच ते सांगावे, आणि त्याचे उत्तर ऐकून मगच होडी पाण्यात ढकलावी.