सतराव्या वर्षीचा स्वधर्म

बारावीचा निकाल लागतो, सीईटीचे पर्सेंटाइल हाती येते आणि महाराष्ट्रातल्या हजारो घरांत रात्र रात्र एक यादी तयार होऊ लागते. प्रवेशासाठीच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायचा असतो. कॉलेज आणि ब्रँच यांच्या जोड्या पसंतीच्या क्रमाने लावायच्या, गेल्या वर्षीचा कटऑफ शेजारी ठेवायचा, क्रम पुन्हा वरखाली करायचा. काका फोनवर सांगतात, ‘ब्रँच कुठलीही असू दे, कॉलेज चांगलं घे.’ मामा सांगतात, ‘ज्याला स्कोप आहे ते घे.’ शाळेतल्या जुन्या बाई तेवढ्या म्हणतात, ‘मुलीचा कल कुठे आहे ते बघा ना.’

बाईंचा सल्ला सगळ्यांत मायेचा आहे आणि सगळ्यांत अवघडही. त्यात गृहीत असे आहे की प्रत्येकाच्या आत त्याचा स्वतःचा एक विषय आधीपासून असतो, आपण तो फक्त ओळखायचा. कल चाचण्या घेतल्या जातात त्या याच विश्वासावर. हे गृहीत आपल्या परंपरेत फार खोल रुजलेले आहे, इतके की त्यावर प्रश्न विचारायचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. असा ‘आपला’ विषय खरोखरच असतो का? आणि असला तर तो आपला आहे हे ठरवायचे कोणी?

गीतेने हा प्रश्न रणांगणावर सोडवला. युद्ध टाकून भिक्षा मागत जगावे असे अर्जुनाला वाटू लागते. त्यावर त्याला सांगितले जाते की दुसऱ्याचा धर्म कितीही उत्तम पाळता आला, तरी त्याच्यापेक्षा आपला उणा धर्म, म्हणजे स्वधर्म, हिताचा. तिसऱ्या अध्यायात हे येते आणि अठराव्यात पुन्हा. आज त्याचा अर्थ असा लावला जातो की शेजारचा मुलगा गेला म्हणून इंजिनिअरिंगला जाऊ नका, चित्रात जीव रमतो तर चित्रकार व्हा. हा अर्थ चांगलाच आहे, पण परंपरेने तो श्लोक असा वाचलेला नाही. ज्ञानेश्वरीत या ठिकाणी आलेले दाखले पाहावेत. लोकांचे देखणे पांढरे वाडे पाहून आपली गवताची झोपडी मोडू नये, असा एक दाखला आहे. शूद्राच्या घरी चांगली पक्वान्ने असली, तरी गरिबी आली म्हणून द्विजाने ती कशी खावीत, असाही एक आहे. पहिला दाखला आजही मनाला भिडतो, दुसरा वाचताना मन मागे सरते. ज्ञानेश्वरीत मात्र ते दोन्ही एकाच विधानाचे आधार आहेत, कारण तेराव्या शतकात ‘आपले’ काय हे जन्मावरून ठरत होते. आजचा वाचक पहिला दाखला ठेवून दुसरा गाळतो, तेव्हा तो गीतेचा नवा अर्थ घडवत असतो. त्याला तो अधिकारही आहे, फक्त आपण काय करत आहोत याची त्याला जाण असावी.

विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. स्वधर्म हुडकत हिंडावा लागत नाही, असे विनोबा तिथे सांगतात. आई जशी निवडावी लागत नाही, तसाच स्वधर्मही जन्माबरोबर आपसूक वाट्याला येतो. वय आणि अवस्था बदलतील तसा त्याचा काही भाग बदलतो, हेही ते पुढे सांगतात.

पण विनोबांनी स्वतः काय केले? वडील बडोद्यात नोकरीला होते. मुलाने फ्रेंच घ्यावे अशी त्यांची इच्छा होती, तर आईला वाटे की त्याने संस्कृत शिकावे. विनायकाने (हे विनोबांचे मूळ नाव) फ्रेंच घेतले आणि तो बडोदा कॉलेजात गेला. १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला, मध्येच सुरतेला उतरला आणि काशीला निघून गेला. आपली प्रमाणपत्रे त्याने त्याआधीच आईच्या देखत चुलीत घातली होती. काशीत त्याने संस्कृतचा अभ्यास धरला. हिंदू विश्वविद्यालयात झालेल्या गांधींच्या भाषणाची हकीकत तिथेच त्याच्या वाचनात आली, पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी तो अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात पोचला. पुढे आश्रमातून रजा घेऊन विनोबा वाईला गेले आणि प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे ब्रह्मसूत्रे शिकले.

आपसूक वाट्याला आले होते ते फ्रेंच, कॉलेज आणि इंटरची परीक्षा. विनोबांनी ते सगळे सोडले. आतली ओढ हीच खरी आपसूक आलेली गोष्ट, असे त्यावर म्हणता येईल आणि विनोबांच्या बाबतीत ते खरेही असेल. पण सुरतेच्या फलाटावर उभ्या असलेल्या वीस वर्षांच्या मुलाकडे पाहून ही ओढ आहे की लहर, हे कोण सांगू शकले असते? त्याच्या वडिलांना ते सांगता आले नसते आणि बहुधा त्यालाही नाही. ती ओढ होती हे पुढच्या साठ-सत्तर वर्षांनी ठरवले. ‘हा माझा स्वधर्म होता’ हे वाक्य माणसाला मागे वळून पाहतानाच म्हणता येते. सतराव्या वर्षी त्याच्याकडे तेवढा भूतकाळ नसतो.

त्याच बडोद्याशी नियतीने आणखी एका विद्यार्थ्याला बांधले होते. १९१३ च्या जानेवारीत, विनोबा अजून शाळेत होते तेव्हा, भीमराव आंबेडकर हे नवे पदवीधर बडोदा संस्थानच्या नोकरीत दाखल झाले. काही दिवसांतच वडील वारले. त्याच वर्षी बडोद्याचे महाराज सयाजीराव यांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. या विद्यार्थ्यालाही लहानपणी संस्कृत शिकायचे होते. मुंबईच्या शाळेत ते नाकारले गेले, कारण अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षक तयार नव्हते. त्यामुळे त्यांना फारसी घ्यावी लागली. संस्कृत पुढे त्यांनी स्वतःच्या बळावर मिळवले. एकाला संस्कृत मिळाले नाही ते वडिलांच्या हौसेमुळे आणि दुसऱ्याला मिळाले नाही ते जातीमुळे, हा फरक स्वधर्माच्या कुठल्याही चर्चेत विसरता कामा नये. विनोबांना नको असलेला विषय सोडून जाता आले. आंबेडकरांना हव्या असलेल्या विषयाच्या वर्गात बसू दिले नाही.

कोलंबियात काय घडले हे त्यांनी घेतलेल्या विषयांवरून दिसते. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मनचा प्रत्येकी एक. सगळे मिळून साठ होतात. ज्याला शाळेत एक विषय मिळाला नाही, त्याने तीन वर्षांत जणू साऱ्या ज्ञानशाखांची दारे ठोठावली. सेलिगमन यांच्याकडे अर्थशास्त्र, जॉन ड्यूई यांच्याकडे तत्त्वज्ञान. नाण्याच्या प्रश्नावर लंडनला लिहिलेला प्रबंध, जातिसंस्थेचे विश्लेषण, राज्यघटना या साऱ्यांत ते साठ अभ्यासक्रम एकमेकांत मिसळलेले आहेत. एखाद्या कल चाचणीने भीमरावांना नेमका कोणता एक विषय सुचवला असता?

म्हणून १९३६ साली ‘जातिप्रथेचे उच्चाटन’ लिहिताना त्यांनी मांडलेला मुद्दा नुसता सामाजिक नाही, ज्ञानाविषयीचाही आहे. जात म्हणजे नुसती श्रमविभागणी नव्हे, तर श्रम करणाऱ्यांचीही उतरंडीची विभागणी, असे त्यांनी म्हटले. त्या विभागणीत माणसाच्या आवडीला आणि अंगच्या गुणांना जागाच नाही, कारण काम जन्माआधीच ठरलेले असते. व्यवसाय बदलण्याची वेळ आली तरी माणसाला बदलता येत नाही. याचा अर्थ ज्या समाजात निवड नाही, त्या समाजात कोणाचा स्वभाव काय आहे हे कोणाला कळूच शकत नाही. पाणी दाखवल्याशिवाय कोणाला पोहता येते हे समजायचे कसे?

त्यावर गांधींनी ‘हरिजन’मध्ये उत्तर दिले. माणसाने वडिलोपार्जित व्यवसायातून पोट भरावे ही वर्णाची शिकवण आहे, असे त्यांनी लिहिले. आंबेडकरांनी उलट विचारले की महात्मा स्वतः बनिया कुळात जन्मले, त्यांच्या पूर्वजांनी व्यापार सोडून दिवाणगिरी केली आणि निवडीची वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतः तराजू न घेता वकिली घेतली, ती कशी? या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले असे म्हणवत नाही.

गांधींची ती निवड मुळातून पाहण्यासारखी आहे. १८८८ साली ते भावनगरच्या सामळदास कॉलेजात होते आणि वर्गात शिकवलेले त्यांना नीट समजत नव्हते. सुटीत घरी आल्यावर कुटुंबाचे स्नेही मावजी दवे यांनी विलायतेला जाऊन बॅरिस्टर होण्याचा सल्ला दिला. गांधींच्या मनात डॉक्टरी होती, तसे त्यांनी विचारलेही. मोठे बंधू म्हणाले की वडिलांना ते आवडले नसते, वैष्णवाने प्रेते कापू नयेत, त्यांच्या मनात तू वकील व्हावेस असेच होते. झाले, वकिली ठरली. समुद्र ओलांडला म्हणून जातीने बहिष्कार टाकला तो वेगळाच. ज्या वकिलीने त्यांना दक्षिण आफ्रिकेत नेले, ती त्यांच्या आतून आलेली नव्हती. वडिलांची आठवण, वैष्णव आचार, एका स्नेह्याचा व्यवहारी सल्ला आणि भावनगरला झालेली निराशा यांच्या जुळणीतून ती आली. त्यांनी तिला आपले केले ते नंतर.

सल्ल्याविषयी फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने १९४५ च्या पॅरिसमधील व्याख्यानात सांगितलेली एक गोष्ट इथे फार उपयोगी पडते. युद्धकाळात एक विद्यार्थी त्याच्याकडे आला होता. एकट्या पडलेल्या आईजवळ राहावे, की इंग्लंडला जाऊन फ्रेंच सैन्यात भरती व्हावे? सार्त्रने त्याला सांगितले की तू मोकळा आहेस, निवड कर. तो असेही म्हणतो की माणूस सल्लागार निवडतो तेव्हाच आपल्याला कुठल्या जातीचा सल्ला मिळणार हे त्याला जवळजवळ ठाऊक असते. गांधींच्या घरच्यांनी मावजी दवे यांच्याऐवजी एखाद्या वैद्याचे मत घेतले असते तर? आजही मुलगी काकांना विचारते की शाळेतल्या बाईंना, यातच अर्धा निर्णय होऊन गेलेला असतो.

सार्त्र इथवर बरोबर आहे, पण त्याच्या उत्तरात एक उणीव राहते. तिथे सगळा भार निवडणाऱ्या एकट्या माणसावर येतो. जगात कशाची गरज आहे, या प्रश्नाला त्यात पुरेशी जागा नाही. आनंदीबाई जोशींचे उदाहरण त्याहून मोठे वाटते. चौदाव्या वर्षी त्यांचे दहा दिवसांचे मूल गेले. वैद्यकीय मदत वेळेवर मिळाली नाही, हे दुःख त्यांच्या मनात राहिले. १८८३ च्या फेब्रुवारीत सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आपण अमेरिकेला का जातो हे त्यांनी जाहीर सांगितले. हिंदू स्त्री डॉक्टरांची देशाला गरज आहे आणि आपण हिंदू म्हणूनच जाऊ, हिंदू म्हणूनच परत येऊ, असा तो निश्चय होता. शिकण्याचा आग्रह पती गोपाळरावांचा होता, कधी कधी कठोरही होता, हे खरे. तरी ते भाषण आनंदीबाईंचे आहे. शवविच्छेदन त्यांना ‘आवडत’ होते का, हा प्रश्न तिथे अप्रस्तुत ठरतो. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची २२ वर्षे पुरी होण्याआधी, क्षयाने त्या गेल्या. त्यांनी विषय घेतला तो एका उणिवेकडे पाहून, आणि कल पाहून केलेल्या निवडीइतकीच ती निवड त्यांची स्वतःची होती.

या सगळ्यांत एक धागा आहे. विषय आधी आपला नसतो, शिकत गेल्यावर तो आपला होतो. कोणाचा लवकर होतो, कोणाचा उशिरा, कोणाचा होतच नाही. तसे असेल, तर सतराव्या वर्षी मुलीने अचूक उत्तर द्यावे असा हट्ट धरणे हा तिच्यावर अन्याय आहे. त्याहून मोठा प्रश्न असा की चुकले तर पुन्हा निवडायची संधी कोणाला आहे?

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही गोष्ट निदान कागदावर मान्य केली आहे. मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेता येतो. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी घेऊन थांबता येते आणि जमवलेले श्रेयांक घेऊन परतही येता येते. पण तालुक्याच्या कॉलेजात जो शिक्षक आहे त्याचाच विषय मिळतो, आणि नसलेल्या शिक्षकाचा विषय निवडायचे स्वातंत्र्य कोणाच्या कामाचे नाही. महाराष्ट्राने २०२४ पासून वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले. हा निर्णय मोलाचा आहे, कारण मुलीच्या शिक्षणावर घर किती खर्च करणार हा हिशेब तिच्या आवडीच्या आधी होतो. मात्र खोलीचे भाडे, मेसचे पैसे आणि बदललेल्या विषयामुळे वाढलेले वर्ष हा खर्च उरतोच. श्रीमंत घरातल्या मुलाने दुसऱ्या वर्षी विषय बदलला तर घरचे त्याला वेळ देतात. शेतमजुराच्या मुलीने तेच केले तर तिला लग्नाची स्थळे दाखवायला सुरुवात होते.

अशी संधी द्यायची तर तशी व्यवस्था लागते. आंबेडकरांनी हे स्वतःच्या अनुभवातून ओळखले आणि नुसत्या व्याख्यानांवर न थांबता संस्था काढल्या. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून तिथे वर्ग सकाळी भरत. १९५० मध्ये औरंगाबादला मराठवाड्यासाठी कॉलेज उभे राहिले. स्वधर्मावर बोलणाऱ्या प्रत्येकाने सिद्धार्थ कॉलेजच्या त्या सकाळच्या वेळापत्रकाचा विचार करावा. आज तसेच काही करायचे तर शिष्यवृत्तीच्या नियमांत एकदा विषय बदलण्याची सोय हवी, वसतिगृहात त्या जादा वर्षाची जागा हवी, आणि अकरावीच्या आधी विज्ञान, कला, वाणिज्य या तिन्ही वर्गांत काही दिवस बसून पाहण्याची मुभा हवी.