वायर तुटली तर काय?

उभा राहा. अंडी उबवायची पेटी तापली की बल्ब विझतात, गार पडली की लागतात, एवढं दाखवून टाळ्या घेतल्यास ना? आता मी सेन्सरची वायर उपटली तेव्हा डिस्प्लेवर काय आलं ते मोठ्यानं वाच. उणे १२७. आणि बल्ब? चालूच! डीएस१८बी२० सेन्सर सापडला नाही की लायब्ररी हा आकडा परत करते. ते तापमान नव्हे रे, ती बोंब आहे. तुझ्या प्रोग्रामनं मात्र मुकाट्यानं हिशेब केला: ३७.५ पेक्षा कमी, म्हणजे रिले चालू. पेटी थर्माकोलची, आत ६० वॅटचे दोन बल्ब. रात्री उंदरानं वायर कुरतडली तर? अंडी गेली तर गेली, पण थर्माकोल शंभरेक अंशांना मऊ पडतो आणि पुढे पेटही घेतो. शेजारच्या खोलीत माणसं झोपलेली असतात!

वाचन अशक्य वाटलं तर रिले बंद, बझर चालू. दोन ओळींचं काम. त्याचा कंटाळा, आणि मोबाइलवर रंगीत ग्राफ दाखवायला रात्र-रात्र जागलास.

आता हा रिले ऐक. कट्‌कट्‌, कट्‌कट्‌. सेन्सर अंशाचा सोळावा भाग मोजतो आणि तू चालू-बंदला एकच आकडा दिलास. ३७.३ ला चालू, ३७.७ ला बंद, हे वर्गात शिकवलं तेव्हा लक्ष कुठं होतं? असा वाजणारा रिले एक दिवस चिकटतो. काँटॅक्ट एकमेकांना चिकटले की तुझी एकही ओळ ते सोडवू शकत नाही. म्हणून बल्बच्या फेजमध्ये वेगळा थर्मल कटआउट लागतो. तो कुठाय? आणि २३० व्होल्टचे स्क्रू चिकटपट्टीखाली झाकलेस, शाबास!

लाइट जाऊन आली की सेटिंग पुसलं जातं, तेही पाहिलं. कोंबडीच्या अंड्याला २१ दिवस लागतात. तितके दिवस लाइट न जाणारं गाव मला दाखव. अर्डुइनोत ईईप्रॉम काय शोभेला दिलाय? आणि प्रोग्राम अडकला तर तो पुन्हा सुरू करणाऱ्या वॉचडॉग टायमरचं तर नावही ऐकलेलं दिसत नाही.

सोल्डरिंग नीट आहे, तेवढं मान्य.

सोमवारी पेटी परत आण. मी सेन्सर काढीन, रिले शॉर्ट करीन, प्लग उपटून पुन्हा लावीन. तिन्ही वेळा पेटी शहाण्यासारखी वागली तरच जर्नलवर सही. तोवर घरी ती प्लगला लावायची नाही.