शौच आणि शुभ्रता

लग्नाला महिना उरलेली मुलगी खुर्चीत बसत म्हणाली, "डॉक्टर, दात पांढरेशुभ्र हवेत." पाहिलं तर दाढ किडलेली, हिरड्यांतून रक्त. पतंजलींच्या योगातल्या पाच नियमांत शौच, म्हणजे स्वच्छता, पहिलं, लगेच संतोष. शुभ्रतेचं नाव नाही. मला तो क्रम पटतो. दात पांढरे करणारी १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल इनॅमलमधून झिरपून रंगीत रेणू तोडते. कीड तशीच राहते, कॅपचा रंगही. हिरडीला लागली तर चरचरते, दात काही दिवस शिवशिवतात. लिंबू-सोड्याने घासणं मात्र मी पापच मानते, झिजलेलं इनॅमल परत येत नाही. आजीचे दात पिवळसर होते. वयाने इनॅमल पातळ होतं, आतलं डेंटिन दिसू लागतं. त्याला अशुद्ध कसं म्हणू? मुलीची दाढ आज भरली. जेलचं हिरड्या बऱ्या झाल्यावर बघू.