क्रौंचांच्या तारखा

मित्रांबरोबर परदेशी जायचं ठरलं की आधी खल होतो तो सुट्ट्यांचा. कुणाच्या मुलीची सहामाही, कुणाच्या ऑफिसात ऑडिट, कुणाच्या घरी लग्न. यातून वाट काढत शेवटी दिवाळी नाही तर मे महिना हाती लागतो आणि मग त्या तारखांना बसेल असा देश शोधला जातो. निसर्ग पाहायला निघालेल्यांनी हा क्रम उलटा करावा, असं माझं मत आहे.

भूतानमधल्या फोबजिखा खोऱ्याचंच घ्या. सुमारे ३,००० मीटर उंचीवरच्या या पाणथळीत तिबेटच्या पठारावरून काळ्या मानेचे क्रौंच हिवाळा काढायला येतात. ऑक्टोबरच्या अखेरीस पहिले पक्षी उतरतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये परततात. म्हणजे मे महिना बादच. दिवाळी लवकर आली तर तीही बाद. खरे दिवस डिसेंबर-जानेवारीचे, हाडं गोठवणाऱ्या थंडीचे. ग्रुपवर एवढं टाकलं की दोघं-तिघं लगेच ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात. म्हणू द्यावं. आत्ता गळालेला मित्र पुढे प्रवासात रुसून बसणाऱ्यापेक्षा बरा.

मग पैसे. भारतीयांना भूतानसाठी व्हिसा लागत नाही, परवाना पुरतो; पण माणशी दर रात्रीचे १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावं लागतं. सहा जण सात रात्री राहिले तर ५०,४०० रुपये, हॉटेल-गाडी वेगळी. ‘नुसतं पाऊल ठेवायचे एवढे?’ हा प्रश्न कुणीतरी विचारतोच. मला ते पैसे जड वाटत नाहीत. किमान ६० टक्के भूभाग कायम जंगलाखाली राहील, असं या देशाने २००८च्या राज्यघटनेतच लिहून ठेवलं आहे. फोबजिखात वीज नेताना तारा जमिनीखालून टाकल्या, कारण उडत्या क्रौंचांना त्या आडव्या आल्या असत्या. आपल्याकडे माळढोकांच्या वाटेतल्या तारांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हे आठवलं की घासाघीस करायला तोंड उरत नाही.

खरी भांडणं होतात ती कार्यक्रम आखताना. तयार सहलींत फोबजिखा बहुतेकदा पुनाखाहून केलेली धावती फेरी असते: दुपारी पोचा, फोटो काढा, निघा. क्रौंच रात्री पाणथळीत उभे असतात, उजाडताच शेतांकडे चरायला जातात आणि संध्याकाळी परततात. दुपारच्या पाहुण्याला दिसतात ते दूरचे राखाडी ठिपके. तिथे दोन मुक्काम हवेतच, आणि त्यासाठी यादीतलं दुसरं काहीतरी कापावं लागतं. ११ नोव्हेंबरला गांगते मठाच्या अंगणात क्रौंच महोत्सव भरतो. शाळकरी मुलं पांढरे-काळे पंख लावून नाचतात. तो गाठायचा म्हटलं तर पक्षी अजून येतच असतात. मी महोत्सव सोडेन.

सगळ्यांचं एकमत व्हायलाच हवं, हा हट्ट मात्र नको. ज्यांना थिंपूच्या बाजारात रमायचंय, त्यांनी तिथेच राहावं. शुल्क दोन्हीकडे सारखंच आहे आणि परतीचं विमान सगळ्यांना पारोहूनच धरायचंय. गाड्या तेवढ्या दोन सांगाव्या लागतील.